हरवलेले पुन्हा उभे करण्याची विद्या

(बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थी, शिक्षक आणि गृहस्थ श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय संगणकाचा आहे. तथापि त्याचा आरंभ सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीच्या एका पोथीपासून करणे योग्य ठरेल. कारण त्या पोथीचा आणि या जिल्ह्याचा संबंध आहे, आणि संगणकशास्त्र आज ज्या प्रश्नाशी झुंजत आहे तोच प्रश्न त्या पोथीपुढे उभा राहिला होता.

महानुभाव पंथाचे श्रीचक्रधरस्वामी भ्रमण करीत लोणारला आले होते. यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीला तेथे आला, अशी लीळा 'लीळाचरित्रा'त आहे. स्वामींच्या या साऱ्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडून त्यांनी एकेक लीळा मिळविली आणि मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ सिद्ध झाला. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर परचक्र आले. त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. ग्रंथ गेला, परंतु तो ज्यांच्या कंठी होता, ती माणसे उरली होती. हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करण्यात आला.

ग्रंथ वाचला, हे आपले भाग्य. परंतु तो एकाच रूपात वाचला नाही. वेगवेगळ्या शिष्यांच्या स्मरणातून वेगवेगळे पाठ निर्माण झाले आणि पुढे शतकानुशतके त्यांच्या नकला होत राहिल्या. ही हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम विसाव्या शतकात ज्या विद्वानांनी केले, त्यांतले एक अग्रणी नाव डॉ. वि. भि. कोलते यांचे. ते याच बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर तालुक्याच्या नरवेल गावचे. १९०८ साली जन्मलेल्या या शेतकरीपुत्राने 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती सिद्ध केली, ती १९७८ साली प्रसिद्ध झाली. एका धाडीत गेलेली पोथी, आणि पाठ ताडण्याचे काम साडेसहाशे वर्षांनंतरही चालूच!

या कथेत दोन धडे आहेत. पहिला असा की, जे एकाच ठिकाणी असते ते एका आघातात जाते. जे अनेक ठिकाणी वाटलेले असते ते टिकते. दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. नुसते टिकणे पुरत नाही. तुकड्यातुकड्यांतून पुन्हा उभे केलेले, मूळचेच आहे की नाही, हे पडताळण्याची व्यवस्थाही आधीच असावी लागते. ती नसेल तर पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला पाठभेद येतात.

एका यंत्राचा भरवसा नाही

आता संगणकाकडे वळू. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सिंदखेडराजाच्या शेतकऱ्याची जमीन, खामगावच्या व्यापाऱ्याचे खाते, मेहकरच्या रुग्णाचा तपासणी अहवाल, शेगावच्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका, हे सारे आता कुठल्या तरी यंत्रावरील अंकांच्या रूपात आहे. कपाटातील दप्तर डोळ्यांना दिसते; वाळवी लागली तर हाताला कळते. अंकांचे तसे नाही. तबकडी बिघडली की त्यावरचे सारे एका क्षणात मुके होते.

आणि तबकड्या बिघडतातच. एका घरात एक संगणक असेल तर बिघाड हा अपघात ठरतो. एका मोठ्या केंद्रात हजारो यंत्रे असतील तर बिघाड हा नित्यक्रम असतो. २०१३ साली फेसबुकच्या एका मोठ्या यंत्रसमूहाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कित्येक हजार यंत्रांच्या त्या समूहात मध्यमानाने रोज पन्नासहून अधिक यंत्रे अनुपलब्ध होत असल्याचे त्यात आढळले. तरीही वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. याचे कारण 'विकेंद्रित साठवण'. एकच माहिती तुकड्यांत विभागून अनेक यंत्रांवर ठेवायची आणि काही यंत्रे गेली तरी उरलेल्यांवरून ती पुन्हा उभी करायची, असे तिचे तत्त्व आहे.

आपल्या जुन्या गावांत धान्य पेवांत ठेवीत. शहाणा कारभारी सारे धान्य एकाच पेवात भरीत नसे. एकात पाणी शिरले तरी दुसरे कोरडे राहावे, हा साधा विचार. विकेंद्रित साठवणीचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही. फरक इतकाच की, धान्य सडले तर गेलेच; अंक मात्र गणिताच्या बळावर परत आणता येतात.

प्रतीऐवजी गणित

सोपा उपाय म्हणजे तीन प्रती ठेवणे. परंतु शंभर कपाटांच्या मजकुरासाठी तीनशे कपाटे लागतात. हा खर्च टाळण्याचा मार्ग १९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी दाखविला.

त्याचे मर्म शाळकरी उदाहरणाने कळेल. दोन आकडे जपायचे आहेत: ७ आणि ५. ते दोन गावांत ठेवले. तिसऱ्या गावात त्यांची बेरीज ठेवली, १२. चौथ्या गावात पहिला आकडा अधिक दुसऱ्याची दुप्पट ठेवली, १७. आता चारांपैकी कोणतीही दोन गावे पुरात गेली तरी बिघडत नाही. समजा ७ आणि ५ हेच गेले. उरले १२ आणि १७. दोहोंतील फरक ५, हा दुसरा आकडा. १२ मधून ५ वजा केले की ७, हा पहिला. मूळ दोन्ही आकडे परत आले. प्रत्यक्ष संगणकात बेरीज-गुणाकार साधे नसतात. आकडे फुगत जाऊ नयेत म्हणून विसाव्या वर्षीच मृत्यू पावलेल्या गाल्वा या फ्रेंच गणितज्ञाचे नाव असलेले सान्त अंकगणित तेथे वापरतात. पण तत्त्व हेच.

व्यवहारात माहितीचे, उदाहरणार्थ, चार खंड करतात आणि त्यांवरून दोन पूरक खंड काढतात. सहा यंत्रांवर सहा खंड. कोणतीही दोन यंत्रे गेली तरी माहिती शाबूत. तीन प्रती ठेवल्या तर दोनशे टक्के अधिक जागा लागते. येथे केवळ पन्नास टक्के. जागेची ही बचत फार मोठी आहे.

दुरुस्तीची किंमत

परंतु जागा वाचविली त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. प्रती असत्या तर गेलेल्या खंडासाठी एकच प्रत आणावी लागली असती. रीड-सॉलोमन पद्धतीत एक खंड परत आणण्यासाठी चार पूर्ण खंड वाचावे लागतात. एक घर सावरायला चार घरे हलवायची, असा हा व्यवहार झाला. फेसबुकच्या त्याच अभ्यासात असे दिसले की, केवळ या दुरुस्तीपायी मध्यमानाने रोज १८० टेराबाइटहून अधिक माहितीची वाहतूक यंत्रांच्या मांडण्यांमध्ये होत होती. आणखी एक लक्षणीय गोष्ट आढळली. ज्या ज्या वेळी खंड हरवले, त्यांतील शंभरांत सुमारे अठ्ठ्याण्णव वेळा एकच खंड हरवला होता. म्हणजे सर्वांत वारंवार येणारे संकट सर्वांत लहान होते आणि त्यावरचा उपाय मात्र अवाढव्य.

हा अभ्यास करणाऱ्यांत के. व्ही. रश्मी आणि निहार शाह ही दोन भारतीय नावे होती. दोघांचेही आरंभीचे संशोधन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. पी. विजय कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली झाले होते. कमीत कमी वाचन करून हरवलेला खंड कसा उभा करावा, याचा सैद्धांतिक पाया २००७ च्या सुमारास अमेरिकेत अलेक्झांड्रोस डिमाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. याहून कमी वाचन शक्यच नाही, अशी सीमारेषा त्यांनी गणिताने आखून दिली. त्या सीमेला टेकणारी रचना प्रत्यक्षात बांधणे हे पुढचे आव्हान होते. विज्ञान संस्थेचा हा गट त्या आव्हानाशी वर्षानुवर्षे भिडत राहिला.

'क्ले'ची घडण

फेब्रुवारी २०१८ मध्ये संगणकीय साठवणीच्या 'फास्ट' या प्रतिष्ठित परिषदेत एक निबंध सादर झाला. मैना वझा, विनायक रामकुमार, प्रा. विजय कुमार आणि त्यांचे सहकारी असे त्याचे कर्ते. अलेक्झांडर बार्ग आणि मिन ये यांच्यासारखे गणिती आणि नेटअॅप या साठवण क्षेत्रातील कंपनीचे अभियंतेही त्यांत होते. रचनेचे नाव 'क्ले'. 'कपल्ड लेयर' म्हणजे जोडलेले थर. पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर आणि दुसऱ्याचा आरंभ घेऊन हे नाव झाले. इंग्रजीत त्याचा अर्थ चिकणमाती. कुंभार जुन्या मातीलाच नवा आकार देतो, तसे या मंडळींनी जुन्या पद्धतीच्या संकेतालाच नव्याने घडविले.

यातली युक्ती अशी. प्रत्येक खंडाचे आणखी बारीक उपखंड पाडायचे आणि ते थरांमध्ये मांडायचे. निरनिराळ्या थरांतील, निरनिराळ्या यंत्रांवरील उपखंडांच्या जोड्या लावायच्या आणि त्या जोडीचे मिश्रण साठवायचे. एक यंत्र गेले की सगळे थर वाचण्याची गरज नाही. ठरावीक थर वाचले की जोड्यांच्या बंधनामुळे न वाचलेल्या थरांतील हरवलेला भागही उकलून हाती येतो.

चार अधिक दोन खंडांच्या उदाहरणात प्रत्येक खंडाचे आठ उपखंड पडतात. जुन्या पद्धतीत चार यंत्रांवरील सर्व, म्हणजे बत्तीस उपखंड वाचावे लागत. क्ले पद्धतीत उरलेल्या पाचही यंत्रांकडून प्रत्येकी चारच, म्हणजे एकूण वीस. भार अधिक जणांवर वाटला, पण प्रत्येकाचा वाटा निम्मा झाला. सोळा मूळ आणि चार पूरक खंडांच्या मोठ्या रचनेत लाभ याहून ठळक आहे. सोळा खंडांऐवजी केवळ पावणेपाच खंडांइतके वाचन पुरते. दुरुस्तीसाठी होणारी यंत्रांमधील वाहतूक सुमारे २.९ पट कमी झाल्याचे निबंधात नोंदविले आहे. जागा मात्र तितकीच लागते, मूळ माहितीच्या सव्वापट. पदरमोड न करता साधलेली ही बचत आहे.

ट्रॅक्टर आणि अवजार

निबंध लिहिणे ही अर्धी वाट. विद्या कागदावर राहिली तर ती स्पर्धापरीक्षेच्या उपयोगाची. ती चालत्या यंत्रात उतरली तर समाजाच्या उपयोगाची. या मंडळींनी आपली रचना 'सेफ' या विकेंद्रित साठवण प्रणालीत बसविली.

सेफ हे नाव 'सेफॅलोपॉड' या, ऑक्टोपसच्या कुळातील अनेक बाहूंच्या जलचरांवरून आले आहे. सेज वाईल या अमेरिकी विद्यार्थ्याने ती आपल्या संशोधनातून उभी केली. २००६ साली तिचा निबंध प्रसिद्ध झाला. कोणता खंड कोठे आहे याची चोपडी सांभाळणारा मध्यवर्ती कारकून तिच्यात नाही. जो तो ठरलेल्या गणिताने खंडाची जागा स्वतःच काढतो. ती मुक्त आज्ञावली आहे. तिचे मूळ लेखन कोणालाही वाचता येते, बदलता येते, वापरता येते. युरोपातील सर्न ही अणुसंशोधन संस्था २०१३ पासून ती वापरीत आली आहे.

सेफमध्ये २०१४ साली पूरक खंडांची पद्धत आली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. गणित कोणते वापरायचे हे प्रणालीत कायमचे कोरून न ठेवता त्यासाठी 'प्लगिन' म्हणजे जोडभागाची सोय केली. शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ट्रॅक्टर एकच, त्याला मागे नांगर लावा, पेरणीयंत्र लावा, रोटाव्हेटर लावा. ट्रॅक्टरला अवजाराच्या पात्याची चौकशी नसते; जोडणीचे माप जुळले म्हणजे झाले. तसेच येथे. माहितीचे खंड पाड, पूरक खंड काढ, अमुक खंड गेले तर कोणते वाचावे ते सांग, आणि वाचलेल्यांवरून हरवलेले उभे कर, एवढी ठरलेली कामे जोडभागाने करायची. आतले गणित ज्याचे त्याने आणावे.

येथेच क्लेच्या कर्त्यांना खरी अडचण आली. जोडणीचे माप ठरविणाऱ्यांनी असे गृहीत धरले होते की, खंड वाचायचा तो संपूर्ण. अर्धा खंड वाचण्याची कल्पनाच त्या मापात नव्हती! क्लेची सारी बचत तर अर्धा, पाव खंड वाचण्यातच होती. म्हणजे नवे अवजार तयार होते, पण ट्रॅक्टरचा हूक त्याला पुरेसा नव्हता. अशा वेळी दोन मार्ग असतात. प्रणालीची स्वतंत्र प्रत घेऊन आपल्यापुरता बदल करावा आणि वेगळी चूल मांडावी. किंवा मूळ प्रणालीच्या कर्त्यांना पटवून मूळ जोडणीच रुंद करावी. दुसरा मार्ग कष्टाचा, वेळखाऊ आणि अहंकाराला न मानवणारा. परीक्षक ओळन् ओळ तपासतात, शंका काढतात, पुन्हा लिहायला लावतात. या मंडळींनी तोच मार्ग धरला.

'तुझ्या एका खंडात उपखंड किती?' हा नवा प्रश्न जोडणीत समाविष्ट झाला. जुन्या जोडभागांचे उत्तर 'एक', म्हणून त्यांना धक्का लागला नाही. कोणते खंड वाचावे एवढेच सांगून न थांबता, प्रत्येक खंडातील कोठून किती उपखंड वाचावेत हेही सांगण्याची सोय झाली. आणि २०१९ साली 'नॉटिलस' नावाने आलेल्या सेफच्या आवृत्तीत क्ले हा जोडभाग अधिकृतपणे समाविष्ट झाला. बंगळुरूच्या फळ्यावरील गणित त्यामुळे जगातील कोणाही वापरकर्त्याच्या हाती आले.

क्लेला मर्यादा नाहीत असे नव्हे. उपखंड फार बारीक झाले तर तबकडीवर विखुरलेले वाचन करावे लागते आणि त्यात वेळ जातो. मोठ्या रचनेत एका खंडाचे १०२४ उपखंड पडतात. साठवायची वस्तूच लहान असेल तर लाभ कमी. प्रत्येक अवजार प्रत्येक रानात चालत नाही, हे येथेही खरे आहे.

परीक्षेवाचून प्रतिष्ठा नाही

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. जोडभाग लिहिला म्हणजे काम झाले असे नाही. बहुधा तेथून काम सुरू होते. कारण या विशिष्ट जोडभागाची चूक लगेच दिसत नाही. माहिती साठविली जाते, रोज वाचली जाते, सारे सुरळीत दिसते. पूरक खंडांतील चूक उघड होते ती संकटाच्या दिवशी, जेव्हा यंत्र गेलेले असते आणि मूळ हाताशी नसते. म्हणून संकट मुद्दाम, आधी, पुनःपुन्हा ओढवून घ्यावे लागते. याचेच नाव चाचणी.

पहिली पायरी सर्व शक्यतांची. सहा खंडांपैकी एक हरवण्याचे सहा प्रकार, दोन हरवण्याचे पंधरा, एकूण एकवीस. प्रत्येक प्रकारात खंड पुसायचे, पुन्हा उभे करायचे आणि मूळ मजकुराशी अक्षरन् अक्षर ताडायचे. वीस खंडांच्या रचनेत चारपर्यंत खंड हरवण्याचे प्रकार होतात ६१९५. माणूस कंटाळेल, यंत्र कंटाळत नाही. म्हणून ही तपासणी करणारी आज्ञावलीच लिहून ठेवतात.

दुसरी पायरी मनोरंजक आहे. सेफच्या मूळ लेखनात काही जोडभाग मुद्दाम बिघडलेले ठेवले आहेत. एकाला आवृत्तीची खूणच नाही. एकाला प्रवेशाचे दार नाही. एक सुरूच होत नाही. असे नाठाळ जोडभाग समोर आले तर प्रणाली कोसळते की शांतपणे 'हा चालणार नाही' असे सांगते, ते पाहायचे. दाराशी येणारा प्रत्येकजण सभ्य असेल असे गृहीत धरणारा पहारेकरी काय कामाचा? तसेच, जोडभागाची आवृत्ती प्रणालीच्या आवृत्तीशी जुळली नाही तर तो दारातूनच परत पाठविला जातो.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. जुन्या आवृत्त्यांनी पाडलेले खंड जपून ठेवलेले असतात. नवी आवृत्ती आली की तिने त्याच मजकुरावरून तेच खंड पाडले पाहिजेत आणि जुने खंड जसेच्या तसे वाचले पाहिजेत. एका अक्षराचा फरक पडला तरी नवी आवृत्ती नापास. कारण उघड आहे. आज लिहिलेली माहिती दहा वर्षांनी, आपल्यापैकी कोणी त्या कामावर नसताना, नव्या आज्ञावलीला वाचावी लागणार आहे. सुधारणा हवीच; परंतु पूर्वजांचे लिहिलेले वाचता येईनासे करणारी सुधारणा ही सुधारणा नव्हे.

चौथी पायरी प्रत्यक्ष रणांगणाची. क्लेच्या कर्त्यांनी ॲमेझॉनकडून भाड्याने घेतलेल्या यंत्रसमूहावर सेफ उभी केली, माहिती भरली, दुरुस्ती घडवून आणली आणि किती वाचले, किती वाहून नेले, किती वेळ लागला, याचे मोजमाप केले. सेफच्या नियमित चाचण्यांतही चालत्या समूहातील यंत्रे अधूनमधून मुद्दाम बंद पाडणारी आज्ञावली असते.

हे सारे अतिरेकी वाटत असेल तर ३१ जानेवारी २०१७ ची घटना पाहावी. आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी सेवा देणाऱ्या गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या यंत्रावरील माहिती पुसली गेली. संकटासाठी पाच उपाय योजलेले होते. त्या दिवशी लक्षात आले की, त्यांपैकी एकही भरवशाचा नव्हता. सुदैवाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली; मधल्या सहा तासांची माहिती गेली ती गेलीच. कंपनीने प्रामाणिकपणे सारे जाहीर केले, हे तिला भूषणावह. परंतु धडा स्पष्ट आहे. प्रत ठेवणे म्हणजे जतन नव्हे. प्रतीवरून मूळ उभे करून पाहिलेले असणे, म्हणजे जतन.

परंपरेची साक्ष

ही दृष्टी आपल्या भूमीला अनोळखी नाही. वेदपठणाची परंपरा पाहावी. संहितापाठावर आपल्या पूर्वजांनी भिस्त ठेवली नाही. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे प्रकार रचले. जटापाठात दोन पदे सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणायची. अर्थाच्या दृष्टीने ही पुनरुक्ती निरर्थक वाटेल. परंतु तिचा हेतू पडताळणीचा आहे. एक शब्द घसरला, एक स्वर चुकला, की पुढची घडण जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. माहितीबरोबर तिची तपासणीही कंठस्थ करायची, असा हा विचार होता. युनेस्कोने २००३ साली या परंपरेचा मानवतेचा मौखिक व अमूर्त वारसा म्हणून गौरव केला.

आता 'लीळाचरित्रा'ची आठवण करावी. तेथेही स्मरणच होते, भक्ती तर उदंड होती; परंतु अशी पडताळणीची घडण त्या गद्याला नव्हती. म्हणून एकाकडे पाठभेद अत्यल्प, दुसरीकडे विपुल. श्रद्धा दोन्हीकडे सारखीच. फरक पद्धतीचा.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. 'हे सारे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. जटापाठात रीड-सॉलोमनचे गणित नव्हते आणि पेवात सेफ नव्हती. पूर्वजांनी त्यांच्या काळचा प्रश्न त्यांच्या काळच्या साधनांनी, कष्टाने सोडविला. त्यांचा खरा वारसा सांगायचा असेल तर तो कष्ट करूनच सांगता येईल. बंगळुरूच्या त्या गटाने तो तसा सांगितला. त्यांनी गणित केले, आज्ञावली लिहिली, ती जगाच्या परीक्षेला लावली आणि मग ती मुक्तपणे वाटली.

आपले कर्तव्य

स्वावलंबनाचा अर्थ प्रत्येक यंत्राचा प्रत्येक खिळा आपणच ठोकावा असा नाही. तो अशक्य आहे आणि अनावश्यकही. परंतु आपल्या जमिनीची, आरोग्याची, व्यवहाराची कागदपत्रे ज्या प्रणालीत आहेत, ती उघडून वाचता येईल, तिच्यात चूक असेल तर दुरुस्त करता येईल आणि तिला आपले अवजार जोडता येईल अशी माणसे आपल्यात असली पाहिजेत. ज्याला दुरुस्ती येते तोच मालक, बाकीचे भाडेकरू.

अशी माणसे केवळ बंगळुरूला जन्मतात असे नाही. या जिल्ह्यात शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून उभे आहे. आज इतरही महाविद्यालये आहेत. सेफसारख्या मुक्त प्रणालीचे लेखन वाचायला कोणाची परवानगी लागत नाही, शुल्क लागत नाही. एका साध्या संगणकावर तिचा छोटा समूह उभा करून पाहण्याची सोय तिच्या कर्त्यांनीच ठेवली आहे. वर्षअखेरचा प्रकल्प म्हणून कुठून तरी उतरविलेली आज्ञावली सादर करण्यापेक्षा, चार विद्यार्थ्यांनी बेरजेच्या पूरक खंडाचा एक चिमुकला जोडभाग लिहावा, खंड पुसावेत, परत आणावेत आणि सर्व शक्यतांची चाचणी करावी. तो जगात कोणी वापरणार नाही. परंतु त्या चौघांना साठवणीचे मर्म कायमचे कळेल. त्यांतूनच एखादा उद्या मूळ प्रणालीच्या परीक्षकांसमोर उभा राहील.

शिक्षकांनी एक गोष्ट करावी. उत्तरापेक्षा चाचणीला अधिक गुण द्यावेत. 'चालते का?' हा प्रश्न आपल्याकडे फार विचारला जातो. 'कधी चालणार नाही, ते तपासले का?' हा क्वचित.

आणि गृहस्थांसाठी एक साधे कार्य. प्रत्येक घरात आज छायाचित्रे, दस्तऐवज, वडिलधाऱ्यांचे आवाज एखाद्या तबकडीवर ठेवलेले आहेत. सहकारी संस्थांचे हिशेब आहेत. मठमंदिरांतील आणि घरांतील जुन्या पोथ्यांची छायाचित्रे काढण्याचे कामही ठिकठिकाणी होत आहे. या साऱ्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी आहे का? असेल, तर मूळ नाही असे समजून, केवळ त्या प्रतीवरून सारे उघडून कधी पाहिले आहे का? वर्षातून एक दिवस यासाठी ठेवावा. ज्या दिवशी दप्तराची पूजा होते त्या दिवशी दप्तराची परीक्षाही व्हावी.

नरवेलच्या एका विद्वानाला साडेसहाशे वर्षांनंतरही हस्तलिखितामागून हस्तलिखित ताडत बसावे लागले. ते त्यांचे आपल्यावरील ऋण आहे. आपल्या काळातील कागदपत्रे ताडण्यासाठी पुढे कोणाला असे आयुष्य वेचावे लागू नये, एवढी व्यवस्था आपण करून ठेवू शकतो. गणित आहे, साधने आहेत, वाट दाखविणारेही आहेत. बैठक मारून काम करणारे हात तेवढे हवेत.